बिनदोऱ्याची शिलाई

मास्तरांचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता. गिऱ्हाइकाने मापाचा सदरा दिला तरी ते टेप काढून त्याची छाती पुन्हा मोजायचे. गावातल्या शाळेचे गणवेश तेच शिवत. दुकान कारखान्याच्या भिंतीला लागून. मागच्या एका खोलीत ते, सून आणि आठ वर्षांची नात. टेबलावरचं पांढरं कापड धुराने संध्याकाळपर्यंत राखाडी व्हायचं. नातीची छाती सदा घरघरायची.

एकदा आरोग्य खात्याच्या बाई कागद घेऊन गल्लीत आल्या. खोकला कोणाला, धाप कोणाला, एवढंच विचारत होत्या. मास्तरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आधी राहायचे त्या वस्तीतही असेच कागद आले होते, आणि वस्ती राहण्यालायक नाही म्हणून घरंच पाडली होती. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मास्तर तर पाणीही फुंकायचे. त्यांनी घरोघर निरोप धाडला की बाईंसमोर कोणी खोकायचं नाही. गल्लीने मुकाट्याने खोकला गिळला.

बाई दुकानात टेकल्या आणि नेमकी आत नातीला उबळ आली. मास्तरांनी मशीन धडधड चालवलं, ते उबळ संपेपर्यंत थांबवलंच नाही. घरातच काय, गल्लीतही सगळे ठणठणीत, असं सांगून कागदाखाली सहीही ठोकली. वर सुनेला म्हणाले, बघ, बाईंना कसं वाटेला लावलं.

चार महिन्यांनी छातीच्या आजारांचा दवाखाना निघाला, तो टेकडीवरच्या बंगल्यांत. आता धुराला काही टेकडी चढायची हौस नसते. पण तिथल्या लोकांनी साधी शिंकसुद्धा लिहून दिली होती. नातीला मात्र तो चढ अर्धाही चढवेना. यात नक्की काळंबेरं आहे म्हणत मास्तर बाईंच्या कचेरीत भांडायला गेले. बाईंनी शांतपणे कागद पुढे केला. गल्लीत आजारी एकही नाही, आणि खाली सही मास्तरांचीच.

मास्तर तडक घरी आले आणि गणवेशाच्या मापांची वही घेऊन परत गेले. टेकडीवरची पोरं दरवर्षी छातीत इंचभर वाढलेली, गल्लीतली जेमतेम त्याच्या निम्मी. नातीपुढे तीन वर्षं एकच आकडा होता, बावीस.

बाईंनी वही पाहिली, मग कागद पाहिला. "मास्तर, दोन्ही तुमच्याच हातचं. विश्वास कशावर ठेवू?"

हाच प्रश्न ते आयुष्यभर दुसऱ्यांना विचारत आले होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वहीवर ठेवा," ते म्हणाले. "त्या दिवशी मशीनला दोराच नव्हता."