आतून कडी

कंडक्टरबाईंनी शिडाची बोट घेतली तेव्हा सगळ्यांना वाटलं, नवऱ्यानेच घेतली. बोट म्हणजे पुरुषाची हौस, बाई आपली मागे डबा धरून बसायला. पण पैसे बाईंचे होते, बसमध्ये जन्मभर उभं राहून मिळवलेले निवृत्तीचे, आणि हौसही त्यांचीच होती. त्यांच्या बसचा शेवटचा थांबा बंदरावर होता. गाडी तिथे वळायची, ड्रायव्हर चहाला जायचा आणि बाई मागच्या पायरीवर बसून येणारी-जाणारी शिडं बघायच्या. निवृत्त झाल्यावर सहकाऱ्यांनी विचारलं, आता काय करणार, तर म्हणाल्या, "आता तिकीट न फाडता फिरणार."

बोट जुनी होती. रंग उडालेला, केबिनमध्ये ओल्या गोणपाटाचा वास, शिडाला जागोजाग ठिगळं. मुलगी बघायला आली ती नाकाला ओढणी लावूनच.

"आई, लोक या वयात फ्लॅट घेतात."

"फ्लॅट हलत नाही," बाई म्हणाल्या.

धक्क्यावर बोटींची कामं करणारा एक मिस्त्री होता. त्याने कलिंगड बघावं तशी टिचक्या मारत बोट तपासली आणि हात पुसत म्हणाला, "बाई, एक सांगतो. जुन्या बोटीला खरेदीच्या निम्म्याहून जास्त पैसा लावायचा नाही. बोट म्हणजे जावई. कितीही करा, पुरत नाही."

मुलीने हे ऐकलं नसल्यासारखं केलं. बाईंना मात्र हिशेब पटला. "निम्मे म्हणजे निम्मे," त्या म्हणाल्या. "वर एक पैसा निघायचा नाही."

डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा गंजल्या होत्या आणि सुकाणूची बिजागरं खिळखिळी झाली होती. त्यावर दुमत नव्हतं, जिवाशी खेळ कोण करणार? पण तेवढ्यातच निम्म्यातलं निम्मं उडालं. उरलेल्या पैशांत एकच मोठं काम बसत होतं, आणि ते नवऱ्याने आणि मिस्त्रीने परस्पर ठरवूनही टाकलं: नवं शीड. नवरा तर कापडाला हात लावून आला होता.

"उरलेल्यात संडास होईल का?" बाईंनी विचारलं.



"एवढ्याशा बोटीवर कोणी संडास करत नाही, बाई," मिस्त्री म्हणाला. "बादली असते."

"बादली."

"नाहीतर डब्याचा मिळतो. कोपऱ्यात ठेवायचा, पुढे पडदा सोडायचा. स्वस्तात काम."

"डब्याचा चालेल. पडदा नको. भोवती भिंत पाहिजे, दार पाहिजे, आणि दाराला आतून कडी."

मिस्त्रीने कपाळ खाजवलं. भिंत घालायची तर केबिनमधला एक बाक काढावा लागणार, आणि बोटीत काटकोन कुठेच नसतो, प्रत्येक फळी वाकवून, तासून बसवायची. एका दाराला शिडाएवढा खर्च. त्यापुढे त्याने सुचवलं, की दार काय, बाई, दिसायलाही दिसत नाही. शीड सगळं बंदर बघतं.

नवऱ्याला राहवलं नाही. तो प्लंबर होता, निम्म्या शहराच्या मोऱ्या त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. "अगं, जन्मभर लोकांचे संडास बसवले मी. आता जरा वारा खाऊ दे की."

"खा ना. वारा मी कुठे बंद केलाय?"

"त्या ठिगळांत काय वारा भरणार? बंदरातल्या शर्यतीत शेवटचे येऊ आपण."

"याआधी कितवे आलो होतो?"

मिस्त्री हसला. नवरा हसला नाही. घरी जेवताना भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा त्याने सांगितलं नाही, स्वतःच उठून घेतलं. म्हणजे राग मोठा होता.

बाईंनी ताट बाजूला सरकवलं. "अहो, ड्युटीवर मी पाणी पीत नव्हते, माहितीये तुम्हाला?"

"तुला तहान लागत नाही. तूच सांगायचीस."

"तहान लागत नाही असा माणूस असतो का? शेवटच्या थांब्यावर बोटवाल्यांच्या क्लबचा संडास होता. त्याला कुलूप. सभासदांसाठी. ड्रायव्हर लोक भिंतीमागे जाऊन यायचे. मी कुठे जाणार? मग सकाळी घोटभर प्यायचं आणि थेट घरी आल्यावर. मला मूतखडा झाला तो त्यानेच, डॉक्टर म्हणालेही. तुम्ही मात्र सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटलात, हिला टोमॅटो बाधले."

टोमॅटो त्यानंतर घरात कित्येक वर्षं आला नव्हता.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? जेवताना?"

"आताही जेवतोच आहोत."

बाईंना हसू आलं, मग त्यालाही. हसू ओसरल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "माझ्या बोटीवर कुणा बाईला चोरासारखं तोंड करून 'चला आता परत' म्हणायला लागू नये. बोट हळू गेली तरी मला चालेल. माझी आहे ती."

दुसऱ्या दिवशी नवरा धक्क्यावर बाईंच्या आधी पोचला होता आणि मिस्त्रीला बजावत होता, "दार बाहेर उघडलं पाहिजे. आत उघडलं आणि लाटेने माणूस आत पडला, तर काढणार कसा? आणि वास जायला वरून नळी. ती मी घालतो. तिला हात लावू नका."

"काल तर शीड म्हणत होतात," मिस्त्री म्हणाला.

"काल काल होता."

काम झालं. निम्म्याच्या वर पैसा गेला नाही. धक्क्यावर बोटीचं नाव पडलं 'संडासवाली'. मिस्त्रीनेच ते पसरवलं असणार, पण दाराची फळी किती बेमालूम बसवलीय हे दाखवायला तोच लोकांना केबिनमध्ये घेऊन जायचा. बाईंच्या कानावर नाव आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पाटी रंगवून लावायची का?" त्यानंतर ते नाव कुणी टोमणा म्हणून घेतलं नाही.

पहिल्या मोठ्या फेरीला बाईंनी डेपोतल्या तिघी मैत्रिणींना बोलावलं. दोघी निवृत्त, धाकटी अजून नोकरीत. धाकटीचे ओठ सुकलेले होते. निघायचं म्हणून तिने सकाळपासून काही घेतलंच नव्हतं. बाईंनी तिला दंडाला धरून केबिनमध्ये नेलं आणि दार उघडून दाखवलं. धाकटीने कडी घातली, काढली, पुन्हा घातली. बाहेर आली तेव्हा सरबताचा मोठा पेला मागून घेतला.

बोट खरोखरच सावकाश चालली. ठिगळांचं शीड कसंबसं फुगायचं आणि सैल पडायचं. दीपस्तंभाच्या अलीकडे क्लबची एक बोट, कोऱ्या पांढऱ्या शिडाची, सपकन बाजूने गेली. तिच्यावरच्या माणसाने हाक मारली, "काय बाई, ढकलायला माणसं पाठवू का?"

बाई उठल्या. एका हाताने डोलकाठीची नवी तार धरली आणि मागच्या दारापासून ड्रायव्हरपर्यंत पोचणाऱ्या त्या जुन्या आवाजात म्हणाल्या, "पुढे व्हा. ती जलद गाडी आहे. ही सगळे थांबे घेत जाणार."

चौघींच्या हसण्याने बोट हलली. नवराही हसत होता, सुकाणू धरून. दीपस्तंभ जवळ आला. इथून परत वळायचं, असं त्याने घरी ठरवलं होतं. त्याने एकेकीकडे बघून विचारलं, "वळवू?"

"का?" धाकटी म्हणाली. तिचा दुसरा पेला चालू होता. "पुढे रस्ता नाही का?"

नवऱ्याने बाईंकडे बघितलं. बाईंनी बोटांच्या पेरांनी डोलकाठीवर दोनदा वाजवलं. दोन ठोके म्हणजे गाडी सोडा, हे एवढ्या वर्षांत प्लंबरलाही कळत होतं. त्याने सुकाणू सरळ धरलं.