सास्तूरच्या रेडिओतली ओळ

आधी चूक सांगतो, मग अनुभव. चूक माझी होती आणि तिचं खापर मी दुसऱ्याच्या डोक्यावर फोडलं होतं. कारण न सापडणाऱ्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... मशीनचं माझं काम, कारणाशिवाय काही घडत नाही असंच मी मानत आलो.

लोहारा तालुक्यात एका पतसंस्थेच्या दोन शाखा आम्ही वायरलेसनं जोडल्या होत्या. दोन्हीकडं टॉवरवर एकेक डबा. आम्ही त्याला रेडिओ म्हणतो. खातेदारांची माहिती हवेतून जाते, वाटेत कुणी वाचू नये म्हणून ती एन्क्रिप्ट करायची. त्यासाठी प्रत्येक रेडिओचं वेगळं लायसन्स लागतं. एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

त्यातल्या सास्तूरच्या शाखेचा रेडिओ विजेनं जळाला. माझे जोडीदार शिवलिंगअप्पा, तिथलेच राहणारे, स्पेअर घेऊन टॉवरवर चढले. खाली लॅपटॉप माझ्याकडं. स्पेअरला लायसन्स नव्हतं, लिंक लागेना. बाजारचा दिवस, शाखेत गर्दी. मी दोन्हीकडचं एन्क्रिप्शन बंद केलं, लायसन्स नंतर मागवू म्हणून... आणि विसरून गेलो.

पुढं तपासणीत ते सापडलं. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, कुणी केलं? मी म्हणालो, वर अप्पा होते, मोबाइलवरून त्यांनीच काहीतरी केलं असेल. झालं! अप्पांना शाखेत यायला बंदी. खातेदारांची माहिती विकली म्हणून गावात कुजबुज. ज्या पारावर ते रोज बसायचे, तिथं लोक त्यांना बघून उठायला लागले.

अप्पा मला एवढंच म्हणाले, "म्या पाना घेऊन चढलो व्हतो. तुमाला ठावं हाय."

त्याच दुपारी मी शाखेत जाऊन रेडिओचा इव्हेंट लॉग पुसला. कोण आलं, काय बदललं, हे सगळं त्यात असतं. शिवाय वीज बंद करून चालू केली. त्या मॉडेलमध्ये वीज गेली की लॉगही जातो. दुसरीकडं कुठं लॉग साठवायची सोय मी केलीच नव्हती.

पुन्हा उघडला. एकच ओळ होती. तारीख त्या बाजारच्या दिवसाची – एन्क्रिप्शन बंद – आणि पुढं माझं नाव.

पुसली. आली. मग रेडिओ पार कोरा केला, कंपनीतून आल्यासारखा. माझं नावच त्यात उरायला नको होतं. ओळ तशीच... शाखेत पंखे फिरत होते, कॅशियर हसत कुणाशी बोलत होता.

लॅपटॉप तसाच उचलून मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवला. सगळं कबूल केलं. त्यांनी ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "आता अप्पांना बोलवायला तुम्हीच जायचं."

गेलो. अप्पांनी दारातूनच येतो म्हणून मान हलवली. लायसन्स आलं त्या दिवशी ते शाखेच्या पुढच्या दारानं आत आले आणि सगळ्यांदेखत मोबाइल टेबलावर ठेवला. "साहेब, ह्यो खालीच ऱ्हाऊ द्या. न्हायतर वर जाऊन अजून काय तरी इकीन." मॅनेजरसाहेबांची मान खाली गेली. मग तो रेडिओ उतरवून नवा बसवायला अप्पा असे चढले की जणू विशीतला गडी. मी खालून त्याचं लायसन्स टाकलं, दोन्हीकडचं एन्क्रिप्शन चालू केलं. लिंक पहिल्या फटक्यात लागली! अप्पांचा दोष नव्हता हे एव्हाना गावात कळलं होतं; पारावरचे लोक आवाराच्या भिंतीपाशी जमले होते, त्यांनीच टाळ्या वाजवल्या. अप्पांनी वरून हात हलवला.

उतरवलेला रेडिओ नंतर कंपनीनं तपासला. दोष काही नाही, आणि पुसलेली ओळ अशी उरू शकत नाही, असंच ते सांगतात.

त्या दिवशी अप्पा खाली उतरले, कमरेचा पट्टा सोडत होते. त्या सगळ्या लोकांसमोर मी म्हणालो, "अप्पा, एन्क्रिप्शन मी बंद केलं आणि नाव तुमचं घेतलं. तुम्ही माझ्याविरुद्ध कुठं बोलणार नाही, हे मला माहीत होतं, म्हणून घेतलं. मला माफ करा."