स्योकाऊ मावशीचा आवाज

केनियातल्या म्विंगीच्या पलीकडे आमच्या गावात कुणाच्या घरात साप निघाला की माझ्या मावशीला बोलावणं जातं. स्योकाऊ मावशी एक वाकडी काठी आणि झाकणाचा प्लास्टिकचा डबा घेऊन येते, तीही चिडलेली, कारण नेमकी तेव्हाच तिची चूल पेटलेली असते. "चावला का कुणाला? नाही ना? मग बोंबलता कशाला?" असं आधी घरच्यांना झापते आणि मग सापाकडे वळते.

बाफे तिचा सगळ्यात लाडका. घोणशीच्या कुळातला हा जाडजूड, विषारी, पण महाआळशी साप. कुणाच्या मागे धावणं त्याच्या स्वभावातच नाही. पाचोळ्यात पडून राहतो आणि कुणी जवळ आलं की फुसफुसतो. "तो बिचारा सांगतो, मी इथं आहे म्हणून," मावशी म्हणते. "आवाज आला की पाय जागच्या जागी. आधी बघायचं, मग मागं सरायचं. जोडीच्या दिवसांत एका मादीच्या मागावर दोन-तीन नर असतात. पळालास की दुसऱ्यावर पाय पडलाच." गावात पोर चालायला लागलं की मावशी गुपचूप त्याच्या मागे जाऊन तोंडाने फुसफुसते. जे पोर थांबेल त्याला भाजलेल्या मक्याचे दाणे. आम्ही सगळे असेच शिकलो.

मी नैरोबीत व्हिडिओ गेमसाठी राक्षस बनवतो. दोन वर्षांपूर्वी मला सापाचा आवाज हवा होता. मावशीच्या डब्यातल्या बाफेने दिवसभर हूं की चूं केलं नाही. शेवटी तीच माझ्या फोनपुढे बसली आणि अशी फुसफुसली की अंगावर काटा आला.

"मुथियानी, आवाज दिला तुला," ती म्हणाली. "पण तुझ्या खेळात थांबेल तो वाचला पाहिजे. शब्द दे."

मी दिला.

कंपनीत हे सांगितलं तेव्हा साहेब हसले. "पडून राहणाऱ्या राक्षसाला कोण भिणार?" मी एकदाही हुज्जत घातली नाही, मला बढती हवी होती. माझा बाफे फुसफुसतो, झेपावतो आणि उभ्या माणसाला गिळतो. पळेल तोच वाचतो. खेळ गावोगाव पोचला. मावशीकडे साधा बटणांचा फोन, तिला कुठं कळणार, अशी मी मनाची समजूत घातली. लाज वाटायची, नाही असं नाही. पण नैरोबीत ती फार दिवस टिकत नाही.

मावशीची धाकटी लेक कविन्या एकोणीस वर्षांची, त्या खेळात गावात पहिली. महिन्यापूर्वी तुरीत खुरपताना तिच्या पुढ्यात फुसफुस झाली आणि ती पळाली. चार पावलांवर दुसरा होता. जीव वाचला, डाव्या पायाची दोन बोटं गेली.

मी भेटायला गेलो तेव्हा मावशीचा राग लेकीवरच होता. "सापवालीची पोर आणि पळाली! गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." कविन्या खाटेवरून माझ्याकडे बघत होती आणि मी जमिनीकडे. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी चहा पीत राहिलो.

"तुझा तो खेळ दाखव रे," मावशी एकदम म्हणाली. "माझा आवाज ऐकू दे, तेवढंच बरं वाटेल."

कविन्याने उशाचा फोन काढून दिला. झुडपात फुसफुस झाली. मावशी खुदकन हसली आणि पडद्यावरचं बोट उचलून शहाण्यासारखी थांबली. बाफेने तिला गिळलं.

"काहीतरी चुकलं माझं," म्हणत तिने पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबली. पुन्हा गिळलं.

"मी तर थांबले होते रे!"

"आई, यात पळायचं असतं," कविन्या हळूच म्हणाली.

मावशीने फोन खाटेवर पालथा ठेवला. लेकीच्या पायाच्या पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आणि आवाज माझाच?"

"तुझाच," मी म्हणालो.