बाबांच्या मोज्याला चिकटून आलेला निवडुंग

मी बदलापूर सोडलं त्या दिवशी आमच्याकडे भांडण झालं ते ओव्याच्या फांदीवरून. तिथल्या शिरगावातल्या आमच्या बिल्डिंगखाली गाडी उभी होती, शेजाऱ्यांना जयभीम घालून झाला होता, आणि बाबा ओल्या फडक्यात गुंडाळलेली फांदी माझ्या बॅगेत कोंबत होते.

"विमानतळावर पकडतील बाबा!"

"पानं आहेत सुजा, गांजा थोडाच आहे!"

शेवटी मी ती फांदी काढून त्यांच्या हातात दिली. गाडी वळली तेव्हा हात हलवायचं सोडून ते फांदी धरूनच उभे होते. रडू येत असताना मला हसूही येत होतं, आणि ड्रायव्हर आरशातून बघत होता.

तुम्ही शिरगावातले सगळे, आणि बॅगा भरून कुठे कुठे पांगलेले तुम्हीही, बाबांना ओळखता किंवा त्यांच्यासारखा एखादा माणूस तरी ओळखता. अंबरनाथ एमआयडीसीत फिटर होते. कंपनीतून रंगाचे रिकामे डबे आणायचे आणि त्यात झाडं लावायचे, पण आयुष्यात एक रोप विकत घेतलं नाही. चोरून आणलेलं झाडच जगतं, हे त्यांचं ठाम मत. लोक हे फक्त मनी प्लांटबद्दल मानतात, बाबांनी तो कायदा गुलाबापासून कढीपत्त्यापर्यंत सगळ्यांना लावला. कुणाकडे बारशाला गेलो की आई निघताना त्यांचा खिसा तपासायची.

थंडीची तयारी आम्ही उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या बाजारात केली होती. दुकानदार सिंधीकाका जॅकेट झटकत म्हणाले, "ले जाओ बेटी, इसमें बरफ भी गरम लगेगी." कॅनडातल्या सस्कॅचवनमध्ये, जिथे मी धान्य तपासायच्या लॅबमध्ये काम करते, ते जॅकेट ऑक्टोबरपर्यंत पुरलं. काकांचा दोष नाही. उणे तीस त्यांनीही कधी पाहिलं नसणार.

मग आई गेली. बाबा त्या फ्लॅटमध्ये एकटे राहिले आणि मी त्यांच्यामागे लागले की इकडे या, कायमचे नाही तर निदान उन्हाळ्यापुरते तरी. आले एकदाचे. पण त्यांचं मन काही रमेना. "इथे उगवतं काय? गवत! आणि तेही तुम्ही कापून टाकता." मी कामावर गेले की दिवसभर खिडकीत बसायचे. माणूस असा खिडकीत बसलेला मला सोसायचा नाही.

एका रविवारी आम्ही गावाबाहेरच्या टेकडीवर फिरायला गेलो. गवतातून खाली उतरलो आणि बाबा मटकन खालीच बसले. त्यांच्या मोज्याला अंगठ्याच्या पेराएवढी तीन-चार हिरवी, काटेरी पानं चिकटली होती. धक्का लागला की तुटतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चिकटून गाव बदलतात. बाबांनी एक पान डोळ्यांजवळ धरलं. "अगं, हा तर आपला फड्या निवडुंग! एवढासा कसा झाला?"

आपल्याकडे कुंपणाला पुरुषभर वाढणारा निवडुंग इथे थंडीपायी जमिनीला चिकटून, कुणाच्या लक्षातही न येता राहत होता. बाबा एवढे खूश झाले की काटे टोचताहेत हेही विसरले.

घरी आल्यावर चिमटा घेऊन आम्ही तासभर त्यांचे मोजे सोलले. दह्याच्या रिकाम्या डब्यात माती भरली, आणि बाबा अडले.

"हे जगायचं नाही."

"का?"

"चोरलेलं नाही ना. आपणहून आलंय." थोडा विचार करून म्हणाले, "तू जरा तिकडे बघ."

मी खिडकीकडे तोंड केलं. बाबांनी स्वतःच्याच मोज्यावरून उरलेली दोन पानं चोरली आणि लावली. आई गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच असं चोरट्यासारखं हसताना ऐकलं.

परत जाताना मात्र त्यांनी अट घातली. "हिवाळ्यात जगलं तर कळव, येईन पुढच्या वर्षी. नाही जगलं तर आपलं बदलापूरच बरं." ते गमतीत म्हणाले असतील, पण मी ते गाठीशी बांधलं. मला माझे बाबा परत हवे होते.

थंडी सुरू झाल्याबरोबर मी डबा घरात घेतला, हीटरजवळ ठेवला आणि आई गॅलरीतल्या झाडांना घालायची तसं रोज सकाळी पाणी घातलं. बदलापूरच्या माणसाला माया म्हटली की ऊब आणि पाणी एवढंच सुचतं. पंधरा दिवसांत एक पान कुजून गळालं. खालच्या मजल्यावरच्या, इथल्याच एक आजी डोक्याला हात लावून म्हणाल्या, "बाहेर ठेव त्याला! थंडीचंच झाड आहे ते." उणे वीसमध्ये बाबांचं झाड बाहेर ठेवताना मला पोटच्या पोराला घराबाहेर काढल्यासारखं वाटलं.

जानेवारीत ते आमसुलासारखं झालं. जांभळं, सुरकुतलेलं, मातीवर आडवं. फोनवर बाबा विचारायचे, "कसं आहे?" मी म्हणायचे, "झोपलंय." कॅमेरा भलतीकडे धरायचे.

फेब्रुवारीत एकदा त्यांनी विचारलं आणि मला झोपलंय म्हणवेना. "बाबा, मेलं. मी मारलं," मी म्हणाले आणि फोनवरच भोकाड पसरलं.



"मग तसं सांगायचं की," बाबा म्हणाले. "महिनाभर काय झोपलंय झोपलंय?" आणि मग हळूच, "मी तरी कुठे खरं सांगतो? रोज भाजी करतो म्हणतो ना, संध्याकाळी चहा-पाव खाऊन पडतो."

मी रडायची थांबले.

"तिकीट बघ," ते म्हणाले. "येतो मी."

"अहो, पण झाड मेलंय बाबा."

"ऐकलं. जगलं असतं तर तुझं तू बघितलं असतंस. मेलंय म्हणून यायला पाहिजे."

एप्रिलच्या शेवटी ते आले. बर्फ नुकता वितळला होता. पंधराएक दिवसांनी सकाळी गॅलरीतून बाबांची हाक आली. आमसूल फुगलं होतं! हिरवंगार, टणक, आणि एका कडेला मुगाएवढा नवा कोंब. आजींचं खरं होतं, हिवाळ्यात ते आपलं पाणी टाकून देतं म्हणजे गोठून फुटत नाही. म्हणजे मी "झोपलंय" म्हणत होते तेव्हा खरंच बोलत होते, फक्त मला ते माहीत नव्हतं. आम्ही दोघं इतके हसलो की आजी वर बघायला आल्या.

इतकी वर्षं आपण सगळेच फोनवर "इकडे मजेत, तिकडे कसं?" म्हणत आलो. तुम्ही गुडघे दुखत नाहीत म्हणालात, आम्ही इथे खूप मैत्रिणी आहेत म्हणालो. कुणी घर कुठलं विचारलं की मी आजही बदलापूर सांगते, आणि ते खरंच आहे. पण आता घर म्हटलं की मला तो फेब्रुवारीतला फोन आठवतो. जिथे "मेलं, मी मारलं" असं रडत सांगता येतं आणि पलीकडचा माणूस "तिकीट बघ" म्हणतो, ते माझं घर.