कोरड्या भातावरचं तूप

माझी राहीआत्या कुणाचं वाईट करणारी बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून कुणाचा तसा समज झाला, तर तो माझ्या सांगण्याचा दोष. एरवीही यातला बराचसा दोष माझाच आहे.

आत्या पाटणकडची. नवरा गेल्यावर दोन पोरांना घेऊन दिघ्याला आली. माझे वडील, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, वाशीच्या मार्केटात माथाडी. ‘आमच्याकडं ऱ्हा’ म्हणून ते मागे लागले, पण ही कसली ऐकतेय! लोकांचे डबे करून तिने पोरं मार्गी लावली. तिच्या घरी गेलेला माणूस न जेवता परत येत नाही. एकदा गॅसची नळी तपासायला आलेल्या माणसालाही तिने ताटावर बसवलं होतं. भात वाढला की त्यावर तूप पडायलाच हवं. गावाहून म्हशीच्या तुपाची बरणी येते, ती निम्मी अशा परक्यांच्याच पोटात जाते. माणसाला कोरडं वाढणं म्हणजे त्याला हाकलून देणं, असा तिचा साधा हिशेब.

अशा बाईला नोकरी कुठे लागावी? ऐरोलीतल्या एका व्हीगन जेवणाच्या ठिकाणी! जेमतेम सहा टेबलं, बुफे मांडलेला. दूध, दही, तूप, मध, जनावराकडून आलेलं काही म्हणजे काही नाही. तपकिरी तांदळाचा भात, उकडलेला भोपळा, मूग, तीळमीठ आणि मिसो नावाचं सोयाबीनचं खारट सूप. मालकीण क्षिप्रा हिने भिंतीवर पाटी लावली होती, ‘प्रत्येक घास तीस वेळा चावा’. बाकी सगळं आपलं आपण घ्यायचं. भात आणि सूप तेवढं गरम हवं म्हणून आत्या वाटीत वाढून द्यायची.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आमच्या टीमची लीड मनस्वी हिने तीन वर्षांपूर्वी दूध सोडलं होतं, त्यामुळे सगळी टीम तिच्यामागे रोज तिथे जेवायला जाऊ लागली. पहिल्याच दिवशी हातात ताट घेऊन वळले, तर भाताच्या पातेल्यामागे डोक्याला जाळी लावून आत्या उभी. तिचा चेहरा खुलला. तोंडातून ‘तेजू’ निघणार, तेवढ्यात मी नजर फिरवली आणि भोपळ्याकडे बघत बसले. भोपळ्यात बघण्यासारखं काय होतं देव जाणे. आत्याला समजलं. “घ्या ताई,” म्हणत तिने वाटी पुढे केली, इतरांसमोर धरली तशीच.

त्या रविवारी दिघ्याला गेले. वाटलं होतं, बोलेल. ती उलट म्हणाली, “तुजं हापिसातलं मानूस असतंय संगं. बरं केलंस.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण निर्लज्जपणा बघा, तिच्या घरचं जेवता जेवता मीच म्हणाले, “आत्या, तिथला भात घशाखाली उतरत नाही गं.”

दुसऱ्या दिवसापासून माझ्या वाटीतल्या भाताला चव आली. आत्याने कमरेच्या पिशवीत तुपाची डबी ठेवली होती. वाढताना पाठ वळवायची, चमचाभर तूप तळाशी सोडायची आणि वर भात घालायची. क्षिप्राने तिला नियम सांगितला नव्हता असं नाही. पण आत्याच्या समजुतीप्रमाणे तो नियम हॉटेलच्या स्वयंपाकाचा होता. क्षिप्राच्या पैशाने क्षिप्राच्या पातेल्यात तूप घालायचं नाही, बास. आपल्या घरचं, आपल्या हाताने, आपल्या माणसाच्या वाटीत घातलेलं तूप त्यात कसं येईल? मी हे ऐकून हसले. समजावून सांगायला हवं होतं. पण भात छान लागत होता.

मग मनस्वीला दिवस गेले.

तिचं पोट दिसायला लागलं तशी आत्याची घालमेल सुरू झाली. “पोटुशी बाई, आन् कोरडा भात खातीया? घरात कोन न्हाई का तिला सांगायला?” असं ती मला दर रविवारी विचारायची. मी म्हणायचे, “अगं, ते तिने ठरवलंय.” एवढंच. आणि एका दुपारी मनस्वी म्हणाली, “आज भात काय मस्त झालाय!” मी आत्याकडे पाहिलं. ती पातेलं पुसत होती, समाधानाने.

त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. दोन महिने बोलले नाही. तुपाचं सांगितलं तर आत्याची नोकरी जाईल, असं मी मनाला सांगत होते. खरं कारण वेगळंच होतं. तुपाचं सांगायचं तर आत्या माझी कोण, हेही सांगावं लागलं असतं.

सातव्या महिन्यात एकदा मनस्वीला जेवता जेवता फोन आला. ती पंधरा मिनिटांनी परतली, तोवर एसीच्या गारव्याने वाटीच्या कडेला पांढरं, दाणेदार काहीतरी थिजलं होतं. तिने बोट लावलं, वास घेतला आणि तिचा चेहरा उतरला. तिने क्षिप्राला बोलावलं, क्षिप्राने आत्याला.

आत्याने काही लपवलं नाही. डबी काढून टेबलावर ठेवली. “तूप हाय. घरचं. ताईंच्या बाळासाटनं.”

मनस्वी रडायलाच लागली. “मी इथे विश्वासाने जेवत होते, मावशी.”

क्षिप्राने डबी उचलली. “आणखी कोणाच्या वाटीत घातलंत?”

माझी वाटी माझ्यासमोर होती. तूप कालवलेला भात कोणालाही दिसेल असा चमकत होता. मी काय केलं असेल? सुपाचा वाडगा उचलला आणि त्यावर ओतला. आत्याने ते पाहिलं.

“कुनाच्याच न्हाई,” ती म्हणाली. “ह्यांच्याच. दुसऱ्या कुनाला ठावंबी न्हाई.”

तिने तिथल्या तिथे जाळी काढून ठेवली आणि मागच्या दाराने गेली. माझं तिथे काहीसुद्धा जाणार नव्हतं. तिची नोकरी गेली आणि मी खारट सुपातला तो भात शेवटच्या शितापर्यंत संपवला.

चार दिवसांनी मी आणि मनस्वी ऑफिसच्या गेटमधून बाहेर पडत होतो. समोर आत्या उभी. ठेवणीतली साडी नेसून आली होती. तिने मनस्वीसमोर हात जोडले.

“ताई, तुमास्नी इचारायला पायजे व्हतं. मी माज्या मनानं केलं. तुमी एक गोष्ट सोडली आन् मी ती चोरून तुमच्या पोटात घातली. चुकलं माजं.”

मनस्वीने आत्याचे जोडलेले हात धरले. “राग अजून आहे, मावशी. पण तुम्ही स्वतः आलात. एवढ्या गर्दीत आम्हाला शोधलंत कसं?”

“इचारत आले.”

आत्याला माझं ऑफिस, मजला, सुटायची वेळ, सगळं पाठ होतं. जाताना तिने माझ्याकडे बघून मान लववली. “येते, मॅडम.”

ज्या बाईच्या मांडीवर बसून मी पहिला घास खाल्ला, ती मला मॅडम म्हणाली. टोमणा नव्हता त्यात, असता तर बरं झालं असतं. ती रस्ता ओलांडून दिघ्याच्या बसमध्ये चढली, बस वळली, आणि मग कुठे माझ्या तोंडून निघालं, “ती माझी आत्या आहे. सख्खी.”

मनस्वी माझ्याकडे बघत राहिली. “म्हणजे तुला तुपाचं माहीत होतं.”

“हो.”

“तिने निदान माझ्या काळजीने केलं,” ती म्हणाली. “तू कशासाठी गप्प बसलीस?”

मनस्वीने पोटावर हात ठेवला आणि माझी वाट न बघता पुढे चालायला लागली.