त्रेचाळीस फांद्यांचा मोगरा

एकतीस वर्षं हौसाबाईंनी सरकारी रोपवाटिकेत पिशव्या भरल्या. माती, रेती आणि शेणखत कालवायचं, काळ्या पिशवीत ठासायचं, बोटाने भोक पाडून बी टाकायचं आणि पिशवी रांगेत ठेवायची. साग, शिसव, करंज, बांबू, काय काय त्यांच्या हातून गेलं. घरी मात्र त्यांनी एक पिशवी कधी भरली नाही. रोह्याजवळच्या वरसे गावातल्या त्यांच्या दारात एकच झाड होतं, मोगऱ्याचं. शेजारणींनी विचारलं तर म्हणायच्या, "दिवसभर तेच करायचं आन् घरी येऊन परत तेच? एक हाय, बास हाय."

तो मोगरा माहेरचा. धरमतर खाडीच्या काठावर त्यांच्या आईच्या अंगणात होता, त्याची फांदी लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यांनी आणून लावली. फूल भरगच्च, आणि प्रत्येक पाकळीला देठापाशी पोपटी झाक. तसला मोगरा बाईंनी दुसरीकडे कुठे पाहिला नव्हता. पुढे एका उधाणाला खाडीचा बांध फुटला. खारं पाणी शेतात शिरलं, अंगणात शिरलं आणि मुक्कामालाच राहिलं. भात गेलं, आईचा मोगरा गेला, भाऊ बाबाजी पेणला भाड्याच्या खोलीत राहायला गेला. माहेर म्हणावं असं जे काही उरलं, ते वरशाच्या दारातलं हे एक झुडूप.

त्याचा फोटो सुनेने, नमिताने, एकदा मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये टाकला. इथून सगळं सुरू झालं.

ग्रुपचं नाव 'हिरवा श्वास, पेण-रोहा'. सदस्य सहाशे बारा. पहाटे पाचपासून तिथे गुलाबाच्या फोटोवर सुप्रभात सुरू व्हायचं, ते सहाशे बारांचं आटपेपर्यंत शुभरात्री सुरू व्हायची. मधल्या वेळात कुणीतरी पिवळ्या पानाचा फोटो टाकून उपाय विचारायचं. पाच मिनिटांत चार उत्तरं. पाणी जास्त झालं. पाणी कमी झालं. ऊन लागत नाही. दृष्ट लागली आहे. विचारणारा चौघांचेही हात जोडून आभार मानायचा आणि चारही उपाय एकाच दिवशी करायचा. झाडाला झाड म्हणायची तिथे पद्धत नव्हती. 'आज माझ्या बाळाला दोन पानं फुटली', असं पन्नाशी उलटलेली माणसं लिहायची. बाळाला केळ्याच्या सालीचं पाणी, कांद्याच्या सालीचं पाणी, ताक, गूळ, अंड्याच्या टरफलांची पूड. त्या घरातल्या माणसांना सकाळी काय मिळत असेल, असा हौसाबाईंना प्रश्न पडायचा.

"काय गो करतात ही मानसं तिकडं?" त्यांनी नमिताला विचारलं होतं.

"झाडांबद्दल चर्चा करतात, आई."

"आन् पानी कोन घालतं?"

ग्रुपचे प्रमुख कमळाकर सर. पेणला त्यांचे शिकवणीचे वर्ग होते आणि गच्चीवर ऐंशी कुंड्या. प्रत्येक मेसेजखाली ते 'वृक्षमित्र कमळाकर' अशी सही करायचे. ही पदवी त्यांना कुणी दिली, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण प्रत्येक जण आपल्यासाठी तसलीच एखादी शोधत होता.

मोगऱ्याच्या फोटोवर दोन दिवस वाद झाला. बट मोगरा, मदनबाण, हजारी. एकाने तर थायलंडची जात म्हणून ठासून सांगितलं. झाड जिच्या दारात आहे तिला विचारावं, हे कुणालाच सुचलं नाही. शेवटी सरांनी बागभेट जाहीर केली, आणि श्रावणातल्या एका रविवारी दोन मिनीबस भरून त्रेचाळीस वृक्षप्रेमी हौसाबाईंच्या दारात उतरले.

बाग बघायला आलेले लोक एका झुडपाभोवती गोल करून उभे राहिले. सरांनी दहा मिनिटं पर्यावरणावर भाषण केलं. वैशाली मॅडम ग्रुपच्या उपाध्यक्ष. त्यांनी लिंबाच्या साली आणि गूळ आंबवून केलेल्या घरगुती द्रावणाची बाटली भेट म्हणून आणली होती. मग त्यांनीच विचारलं, "ताई, एक एक फांदी मिळेल का हो आम्हाला?"

"आता तोडू नका," हौसाबाई म्हणाल्या. "पावसात तुटलेली वली जखम सडते. मी फांद्या मातीत दाबून ठेवते. मुळ्या फुटल्या की दिवाळीनंतर या. पाच-सा जनांना नक्की देईन."

"वा! किती शास्त्रशुद्ध!" मॅडम म्हणाल्या.

हौसाबाई आणि नमिता चहा करायला आत गेल्या. त्रेचाळीस माणसांचा चहा म्हणजे अर्धा तास.

आता ग्रुपचं एक तत्त्व सांगायला हवं. मागून आणलेलं रोप लागत नाही, चोरून आणलेलं हमखास लागतं. पुष्कळ घरांतून असं मानतात, पण इथे सरांनी ते हसऱ्या चेहऱ्यासह सर्वांत वर कायमचं चिकटवून ठेवलं होतं. त्या अर्ध्या तासात एकेक जण मोगऱ्यापाशी आला, इकडेतिकडे पाहिलं, हिसका मारून फांदी मोडली आणि पिशवीत टाकली. आपण एकट्यानेच घेतली, एवढ्या मोठ्या झाडाला एका फांदीने काय होतं, असं प्रत्येकाला वाटलं. शेवटच्या सात-आठ जणांना धड फांदी राहिली नव्हती, त्यांनी बुंध्यापासून सालीसकट एकेक काटकी ओढून काढली. वैशाली मॅडमनी मात्र देणंही दिलं. द्रावण बादलीभर पाण्यात मिसळायचं असतं, ते राहिलं. पूर्ण बाटली त्यांनी प्रेमाने तशीच मुळाशी ओतली.

चहा पिताना सगळे फार सभ्य होते. कपसुद्धा उचलून आत आणून दिले.

बस गेल्यावर हौसाबाई अंगणात आल्या. ढोपराएवढा बुंधा उरला होता, तोही सोललेला. त्यांनी फडक्याने बुंधा पुसला आणि खालची माती खरवडून टाकली. आठ दिवसांत बुंधा काळा पडला. पंधराव्या दिवशी हातात आला.

"आई, ग्रुपवर विचारू या ना," नमिता म्हणाली. "त्रेचाळीस जणांनी नेल्यात. एक तरी परत देईल."

तिने लिहिलं: आमचं झाड मेलं आहे, ज्यांनी फांदी नेली त्यांनी एक तुकडा द्यावा. एरवी पिवळ्या पानाला पाच मिनिटांत चार उत्तरं देणारा ग्रुप दिवसभर गप्प राहिला. संध्याकाळी सरांनी लिहिलं, 'ताई, निसर्गात काहीच चिरंतन नसतं. वृक्षमित्र कमळाकर.' त्यावर बत्तीस जणांनी हात जोडले. वैशाली मॅडमनी सांगितलं की मोगरा ऑनलाईन मिळतो.

खरी गोष्ट अशी होती की द्यायला कुणाकडे काही उरलं नव्हतं. कुणी फांदी मधात बुडवली, कुणी दालचिनीत लोळवली, कुणी अ‍ॅस्पिरिनची गोळी विरघळवून त्यात ठेवली, कुणी काचेच्या बाटलीत घालून फ्रीजवर शोभेला. नवरात्रापर्यंत बेचाळीस फांद्या मेल्या. मेलेल्या बाळाचा फोटो कुणी टाकत नाही, त्यामुळे ग्रुपमध्ये आनंदीआनंद होता.

त्रेचाळिसावी जगली. चैत्रात कमळाकर सरांनी फुलाचा फोटो टाकला. एका कुंडीत फांदी खोचून ते तीन महिने मुलीकडे पुण्याला गेले होते, आणि परत आले तर चमत्कार! शेजाऱ्यांच्या एसीचं पाणी त्या कुंडीत ठिबकत होतं, आणि सर घरी नसल्यामुळे तिला दुसरं काही मिळालं नव्हतं. सरांनी जातीला नाव दिलं 'कमलगंध'. सहाशे बारांनी ते मान्य केलं.

नमिताने फोटो मोठा करून सासूपुढे धरला. देठापाशी पोपटी झाक. हौसाबाईंनी तिथल्या तिथे सरांना फोन लावायला सांगितला.

"सर, तो मोगरा माझा हाय. एक फांदी द्या."

"अहो ताई, मोगरा काय, सगळीकडेच असतो. हा मी नर्सरीतून आणलाय."

"कुठल्या नर्सरीतून?"

"आता... नाव लक्षात नाही."

"देठाला पोपटी हाय ना?"

"ते खतामुळे, ताई."

"व्हय? कुठलं खत घालता?"

"ते मी ग्रुपवर टाकेन," सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

हौसाबाईंनी नमिताकडे पाहिलं. "पोरांना शिकवतो म्हनं हा."

आषाढात सरांनी स्वतःच्या गच्चीवर बागभेट ठेवली. विषय: कमलगंध. नमिता म्हणाली, कशाला जायचं अपमान करून घ्यायला? हौसाबाईंनी ब्लेडचं अर्धं पातं कागदात गुंडाळून बटव्यात टाकलं, एक फडकं भिजवून पिळून घेतलं, आणि सासू-सुना रोह्याहून गाडीने पेणला गेल्या.

सर आपल्या माणसांना ओळखून होते. कमलगंधच्या कुंडीभोवती सुतळी बांधली होती, आणि पाटी लावली होती: झाडांना हात लावू नये. पाटीजवळ सर स्वतः खुर्ची टाकून बसले होते. चोरीच्या रोपाचा मेसेज त्यांनी आदल्याच आठवड्यात ग्रुपवरून काढून टाकला होता.

हौसाबाई एका कोपऱ्यात बसून राहिल्या. त्यांना घाई नव्हती. भाषण झालं, चहा झाला, आणि मग जे होणार ते झालं. सर उठले. "चला, सगळ्यांनी ग्रुप फोटोला!" सगळे कठड्यापाशी गेले आणि मोबाईलकडे तोंड करून उभे राहिले. ऐंशी कुंड्या त्यांच्या पाठीमागे.

"ताई, तुम्ही पण या ना!" वैशाली मॅडम ओरडल्या.

"मी नको गो बाय. माझा फोटो चांगला येत नाय."

सरांना आपलं पोट फोटोत जास्त दिसलं, म्हणून फोटो चार वेळा काढावा लागला. हौसाबाईंना एकच वेळ पुरली. सुतळीवरून वाकून त्यांनी मागच्या बाजूची, सहा पेरांची, पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडली, पेराखाली तिरपी कापली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि बटव्यात ठेवली. झाड हललंसुद्धा नाही.

घरी आल्यावर त्या अंगणात बसल्या. माती, रेती, शेणखत कालवलं. फांदीचे दोन-दोन पेरांचे तीन तुकडे केले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घरासाठी पिशव्या भरल्या. तीन.

"एक आपली," त्यांनी नमिताला सांगितलं. "एक बाबाजीची. आन् एक मेली तर असावी म्हनून."

फांदी गेल्याचं कमळाकर सरांना कळायला अठरा दिवस लागले. तोपर्यंत तीनपैकी दोन पिशव्यांत कोंब दिसत होते. नमिता मोबाईल घेऊन अंगणात आली. हौसाबाई पिशव्यांपाशी उकिडव्या बसल्या होत्या.

"आई, सरांनी लिहिलंय. 'आपल्यातल्याच कुणीतरी माझ्या कमलगंधची फांदी कापून नेली. असल्या विकृत माणसांना वृक्षप्रेमी म्हणवून घेण्याचा अधिकार नाही.' खाली चाळीस जणांनी रागाचे चेहरे टाकलेत."

"कापून म्हनतो? तोडून नाय?"

"कापून."

"मंग बरा हाय," हौसाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवी सावलीत सरकवली. "येवढं तरी शिकला."