गल्लीतले बंद स्टोव्ह

मी पाच वर्षांची असताना कमलबाईंनी मला ओढत नेऊन पेटत्या स्टोव्हसमोर उभं केलं होतं.

आज सकाळी त्याच बाई गेल्या, आणि मी दुपारपासून रडतेय.

कमलबाई आमच्या अंगणवाडीच्या बाई. कोल्हापुरात, तालमीमागच्या गल्लीत. नव्वदच्या दशकातली गोष्ट.

माझी आई रॉकेलच्या स्टोव्हच्या भडक्यात गेली. माझ्यासमोर.
त्यानंतर पंप मारल्याचा आवाज आला की मी थेट कॉटखाली. आणि तेव्हा स्टोव्ह घरोघरी.

भीती अशीच मोडायची असते, असं बाईंना वाटलं. आमच्याकडे सगळ्यांनाच वाटतं. पोरगं पाण्याला भितंय? ढकला विहिरीत.

खिचडीचा स्टोव्ह पेटवून बाईंनी मला दंडाला धरलं.
"बघ की! काय करतोय त्यो तुला?"
मी ताठ झाले. फ्रॉक ओला झाला.

दुसऱ्या दिवशी बाई घरी आल्या आणि माझ्यासमोर फरशीवर बसल्या.
"बाळ, माझं चुकलं."
तोवर एकाही मोठ्या माणसानं मला सॉरी म्हटलं नव्हतं.

तरी मी उंबरा ओलांडेना. शेवटी मुरगूडची आत्या मला कायमचं न्यायला आली. पप्पा नोकरीमुळे इथेच राहणार होते. आई गेलीच होती, आता पप्पाही दुरावणार.

बाई आत्याला म्हणाल्या, "एक म्हैना द्या मला. मग न्या."

मग रोज सकाळी दहाला त्या मला अंगणवाडीत न्यायला यायच्या. हात धरून आम्ही गल्लीतून चालायचो. कुठूनही आवाज यायचा नाही.
काही दिवसांनी लांबून एक स्टोव्ह ऐकू आला. मी बाईंचा हात आवळला, पण चालत राहिले. मग दोन. मग तीन.
महिना संपला तेव्हा मी चहाच्या गाड्यासमोरून गेले, स्टोव्ह भरात असताना.
आत्या एकटीच मुरगूडला परतली.

माझी भीती माझी मीच घालवली, हे मी कॉलेजात, इंटरव्ह्यूत, नवऱ्याला, सगळीकडे टेचात सांगितलंय.

आज बाईंच्या दारात ते चहावाले शिवामामा भेटले. थकलेत आता.
"तुझ्यापायी रोज दहाला स्टोव्ह बंद ठेवायचो की आमी. अख्खी गल्ली! गिऱ्हाईक वराडायचं. मी म्हणायचो, पावणं, दम धरा, पोरगी जाऊ दे. मग बाईच सांगायच्या, आज लांबचा एक पेटवा. आज दोन."

"मामा, मग इतकी वर्षं मला कुणी बोललं का नाही?"

"बाईंनी दम दिलता. म्हणल्या, तिची ती धीट झाली, असंच वाटू दे तिला."

आमच्या गल्लीत कुणाच्या पोटात काही राहत नाही. हे मात्र राहिलं.

बाई, तुम्हाला थँक्यू म्हणायचं राहून गेलं. तुम्ही ती वेळच येऊ दिली नाहीत.

तुमच्या पोरीचा शेवटचा नमस्कार. या आता.